साहेबांसाठी धुतलेली नाली

सन्माननीय साहेब, सरपंच गोपीचंदभाऊ आणि जमलेल्या सर्व गावकऱ्यांना माझा

कागदावर पुढे नमस्कार आहे. मी जय भीम म्हणते. गोपीचंदभाऊ खुर्चीत हलतात. भाषण त्यांनीच लिहून दिलंय. माईक माझ्या हातात, समोर जिल्ह्याहून आलेले साहेब, मागे टेबलावर एक छोटा दिवा. दिवा जळतो आहे. खोटा जळतो आहे.

मी प्रतिक्षा, याच गावची लेक. आज आपल्या गावाच्या नालीतून वीज

नाली गावाची नाही. मिलची आहे. मिलमध्ये उसना, म्हणजे उकडा तांदूळ करतात. धान भिजवलेलं आंबूस पाणी रोज दुपारी सोडतात आणि ते आमच्या वस्तीतून, बौद्ध टोलीतून वाहतं. उतारच तिकडे आहे, असं गोपीचंदभाऊ म्हणतात. तो उतार कुदळीनं पाडला जाताना माझ्या आईनं पाहिला आहे. आमच्या घरी पाहुणा आला की आई चहाच्या आधी वासाची माफी मागते. वास मिलचा. माफी आईची.

अत्यंत कमी खर्चात, स्थानिक साहित्य वापरून

हे मात्र खरं. नागपूरला शिकताना कळलं, असल्या पाण्यावर काही जंतू पोसतात आणि खाता खाता वीज सोडतात. ती वीज झेलायला पुस्तकात प्लॅटिनम लिहिलेलं. आमच्याकडे भुसा. तो बंद डब्यात जाळला, कोळसा कुटला, बारदान्याच्या तुकड्यांवर चोपडला. नाकाडोंगरीच्या मामानं खाणीबाहेर फेकलेली मॅंगनीजची काळी माती पाठवली. तिच्यातून इतकी बारीक भुकटी काढली की एकेक कण कुठल्याच चाळणीत अडकू नये, पुस्तकात नॅनो म्हणतात तितकी. कुंभाराची मडकी घेतली, तळ्याचा चिखल घेतला. चिखल म्हणजे जंतूंचं बियाणं.

"नॅनो तं गाडी होती ना वं," पंचायतीचे शिपाई मंगरूकाका म्हणाले होते. "आता मडक्यात आली का?"

मडकी नालीत पुरली. जंतूंना आत बसायला वेळ लागला. मग दिवा लागला, आणि मडक्यांपाशी वास कमी झाला. दिवा पाहायला पोरं आली. बाया आल्या त्या वास घ्यायला. नाक पुढे करून उभ्या राहिल्या, एकीमागे एक. साहेबांना पटलं तर पूर्ण नालीवर अशाच मोठ्या टाक्या मंजूर होणार होत्या. मला तेवढंच पाहिजे होतं.

हा दिवा आपल्यासमोर सूक्ष्मजीवांच्या

सूक्ष्मजीव मेले.

आज सकाळी नाली पांढरी होती. साहेब यायचे असले की गावात रस्त्याला चुन्याची रेघ पडते आणि नालीत ब्लिचिंग पावडर. मंगरूकाका कौतुकानं सांगत होते. "साहेबाले वास यायले नोको म्हनून टाकलो, पोरी. पोतंभर टाकलो. तुह्या मडक्याईतबी मूठ मूठ घातलो, आतून साफ."

मी पोतं पाहत राहिले. इतकी वर्षं हे पोतं कुठे होतं?

गोपीचंदभाऊंनी पंचायतीतून बॅटरी आणवली. टेबलाखाली ठेवली, वर चादर सोडली, वायर दिव्याला जोडली. आई पाहत होती म्हणून तिलाही समजावलं. "दिवा लागला पायजे, सत्यवतीबाई. कायनं लागला ते कोन पाहून राहिलं? मंजूर झालं तं भलं तुमच्याच टोलीचं हाये. नाही तं राहा वासात."

मी भाषणाचा कागद घेतला.

सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने

साहेब मध्येच हात वर करतात. दिवा छान आहे म्हणतात. मग मान वळवून नालीकडे पाहतात, दीर्घ श्वास घेतात.

"पण इथे तर अजिबात वास नाही. मग टाक्यांवर खर्च कशाला? हा दिवा आपण प्रदर्शनात ठेवू."

गोपीचंदभाऊ हसत मान डोलावतात. टाळ्यासुद्धा पडतात.

मी

कागद नाही. आता कागद नाही. मी चादर वर करते. वायर ओढते. दिवा विझतो.

"साहेब, हा बॅटरीवर होता. जंतू सकाळी मारले. वास पण सकाळीच धुतला, तुमच्या एका नाकासाठी. आमची नाकं इथं रोज असतात."

गोपीचंदभाऊ उठून माईककडे येतात. हळू आवाजात म्हणतात, "दे इकडे. वाटोळं करून राहिली तू तुह्याच लोकायचं."

मी माईक देत नाही. कार्यक्रम दुपारच्या आत उरकायचा, असं त्यांनी का ठरवलं होतं ते मला आता समजतं. साहेब उशिरा आलेत. मिलचं पाणी सुटायची वेळ झाली आहे.

म्हणून मी मडकी समजावून सांगायला लागते. सगळं. भुसा कसा जाळायचा, माती कशी उकळायची, बारदाना का, चिखल कुठल्या काठाचा. साहेब घड्याळ बघतात. मी चिखलावरच बोलत राहते. साहेब उठायला लागतात, मी त्यांनाच प्रश्न विचारते. ते उत्तर शोधत पुन्हा टेकतात.

पांढऱ्या नालीत पिवळं पाणी उतरतं. फेस ढकलत येतं, मडक्यांवरून, खुर्च्यांच्या मागून.

साहेब रुमाल काढतात. नाकाला लावून आईकडे बघतात, कारण पुढच्या रांगेत तीच आहे.

आई माफी मागत नाही.

"चहा घेऊन जा, साहेब," ती म्हणते. "घर इथंच नालीवर हाये."