तिघांना मिळून ठाऊक असलेली गोष्ट

अहवाल वेळेत गेला तर धाकटीच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: कायमची नोकरी, खिडकी असलेली खोली आणि ताईच्या उपकारांतून सुटका. तिसरी सगळ्यांत महाग होती. धाकटी एका संशोधन संस्थेत दरवर्षी नव्या करारावर शिकवायची, पाळणाघर परवडायचं नाही, म्हणून तिच्या मुलीला शाळेतून आणून सांभाळायचं काम ताईकडे होतं. त्यापायी ताईने चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडली होती. दुकानदार अजून तिची जागा धरून होता, पण फार दिवस धरणार नाही असंही त्याने कळवलं होतं.

"या खेपेला होतंय ना गं नक्की?" ताईने विचारलं.

"होतंय."

"गेल्या वर्षीही याच सुरात म्हणाली होतीस."

धाकटीचं संशोधन होतं घोळक्याच्या अकलेवर. माणसं एकत्र बसली की त्यांची अक्कल वाढते की आपापसांत वाटली जाऊन कमी होते, हा प्रश्न. एकट्या शास्त्राला तो झेपेना, म्हणून संस्थेने तीन शास्त्रं एका टेबलाशी आणून बसवली होती. एक मुंगीसर, ज्यांचा उभा जन्म वारुळांशेजारी गेला. वयाने आणि मानाने मोठे. दुसरा अभियंता, जो प्रत्येक वाक्य 'मुळात'पासून सुरू करायचा आणि मुळापर्यंत क्वचित पोचायचा. तिसरी मानसशास्त्रातली धाकटी. प्रयोगासाठी माणसं गोळा करणं तिच्याकडे होतं.

प्रयोग सोपा होता. चार अनोळखी माणसांना एका खोलीत बसवायचं आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची. चिठ्ठ्यांमधला बराचसा मजकूर सारखा, पण प्रत्येकीत एक गोष्ट अशी, जी बाकी तिघांकडे नाही. चौघांनी आपापली गोष्ट बोलून दाखवली की कोडं सुटतं. बहुतेक गट ती बोलत नाहीत. सगळ्यांना ठाऊक आहे तेच एकमेकांना सांगतात, माना डोलावतात आणि चुकीच्या उत्तरावर एकमत करून खुशीत घरी जातात. कोण किती बोललं ते अभियंत्याने बनवलेला गळ्यातला बिल्ला मोजायचा. दोन नंबरच्या खोलीत संध्याकाळी बसलेल्या गटांनी मात्र कमाल केली होती. कोडी झटपट सुटली आणि बिल्ल्यांच्या मते तिथे सगळे सारखेच बोलले होते. निष्कर्ष आपोआप निघाला: सगळ्यांना सारखं बोलू दिलं की गट शहाणा होतो. तिघांनाही तो फार आवडला.

शेवटच्या बैठकीत तिघांनी रिवाजाप्रमाणे स्वतःही बिल्ले घातले. मुंगीसरांनी विचारलं, "पाठवायचा ना? कुणाला काही सांगायचंय?"

धाकटीला होतं. संध्याकाळची माणसं तिने एकाच कचेरीतून उचलली होती. ती एकमेकांना चांगली ओळखत होती. पण एवढ्याशा गोष्टीने काय बिघडतं, असं तिने स्वतःला समजावलं. ती समजूत घालताना तिच्या डोळ्यांपुढे चष्म्याचं दुकान होतं. बाकीचे दोघेही किंचित घुटमळले. मग तिघांनी आकडे किती सुंदर आलेत हे आळीपाळीने एकमेकांना सांगितलं आणि अहवाल रवाना झाला.

चहाच्या वेळी जिभा सैल झाल्या. 

"मुळात गंमत सांगू का," अभियंता म्हणाला, "आपला बिल्ला हसण्यालाही बोलणं समजतो. दोन नंबरच्या खोलीत लोक एवढे कशाला हसत होते कोण जाणे."

"ओळखीचे होते ना सगळे," धाकटी बोलून गेली.

"ओळखीचे? अगं, अनोळखी हवे होते ना?"

"एका कचेरीतले होते. काम सुटलं की घोळक्यानेच यायचे."

मुंगीसरांनी कप खाली ठेवला. "घोळक्याने यायचे? म्हणजे एक गट आत आणि बाकीचे बाहेर व्हरांड्यात?"

"हो सर. का?"

"त्या खोलीचं दार नीट लागत नाही. आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. म्हटलं, सुतारकामाचं अहवालात काय सांगायचं."

तिघांनी आपापले तुकडे जुळवले. बाहेरच्यांनी उत्तरं ऐकली होती, आत जाऊन खोटाखोटा विचार करताना त्यांना हसू आवरलं नव्हतं आणि ते हसू बिल्ल्याने समानतेच्या खात्यावर जमा केलं होतं. स्वतःच बनवलेल्या कोड्यात ते तिघे नापास झाले होते.

"मुळात हे कुणाला कळणारे?" अभियंता म्हणाला.

"आपल्या तिघांना कळलंय," धाकटी म्हणाली.

"न बोललेलं कुणालाच कळलेलं नसतं, हे तुझंच वाक्य ना?"

मुंगीसर गंभीर झाले. "माणसं तू आणलीस. अहवाल परत मागवायचा का, ते तूच ठरव, बाळ. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत." पाठीशी उभं राहण्यात एक सोय असते, समोरचा मार लागत नाही.

धाकटीने कप विसळून ठेवला, जागेवर गेली आणि अहवाल परत मागवला. आज बोलली नाही तर वर्षभर वर्गात त्या चिठ्ठ्यांचा प्रयोग कुठल्या तोंडाने शिकवायचा, एवढंच तिला सुचलं.

घरी तिने ताईला सगळं सांगितलं. ताई मुलीच्या दप्तरातून डबा काढत होती. "खरं बोललीस, बरं केलंस," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "म्हणजे उद्याही शाळेत मीच जायचं."

आता जमाखर्च. 'जाणत्यांचा गट आपली माहिती का दडवतो' या विषयावर तिघांचा नवा लेख निघाला आणि चांगलाच गाजला. मुंगीसरांना त्यावर व्याख्यानांची आमंत्रणं आली. अभियंत्याला बिल्ला सुधारायला नवी प्रयोगशाळा मिळाली. दाराला नवी कडी बसली. धाकटीला प्रामाणिकपणाबद्दल शाबासकी मिळाली आणि आणखी एका वर्षाचा करार; खिडकी नाही. चष्म्याच्या दुकानात दुसरी बाई लागली. लेखाच्या शेवटी ज्यांचे आभार मानले, त्यांत संस्था होती, ती कचेरी होती, सुतारसुद्धा होता. ताई त्या गटात कधी नव्हतीच. गटाच्या चुकीची भरपाई तेवढी तिने केली.