थोरलीचं तेल

त्या घरातल्या पिकअपला सगळे ‘थोरली’ म्हणत. नाव सासूबाईंनी ठेवलेलं. आबांनी ती गाडी लग्नाआधी घेतली होती, त्यामुळे सासूबाई नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा ही बया आधीच दार अडवून उभी होती. “ती थोरली, मी धाकटी,” असं त्या आल्यागेल्याला सांगत, आणि आबा ऐकून न ऐकल्यासारखं करत. सवतीचं कौतुक कुणी करत नाही म्हणतात. सासूबाई करत, निदान चारचौघांत तरी.

गेली काही वर्षं थोरली सूनबाईच्या हातात होती. समोरून येणारी गाडी आबांना अगदी अंगावर आल्यावर दिसायला लागली, तेव्हा एका सकाळी त्यांनी किल्ली सुनेच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. “शिकवतो,” म्हणाले. “रडायचं नाही आणि क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही.” मुलगा बेकरीत भट्टीवर कामाला, त्याला गाड्यांचं वेड कधी नव्हतंच. सूनबाईला तरी कुठं होतं? पण शिकली. शिकताना तिनं दोनदा फाटकाचा खांब आडवा केला. दोन्ही वेळा आबांनी तो पुन्हा उभा केला आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. सासूबाईंनीही काढला नाही, पण त्यांचं न बोलणं वेगळं होतं. त्या खिडकीत उभ्या राहून बघत आणि मग पडदा ओढून घेत. सूनबाईला ते पडदा ओढणं लागायचं.

काम चांगलं होतं. लॉन्ड्रीतून धुतलेल्या चादरी, अभ्रे, टॉवेल यांचे गठ्ठे उचलायचे, इस्पितळांत आणि लॉजमध्ये पोचवायचे, येताना मळके भरून आणायचे. थोरलीचा हौदा खोल, गठ्ठे एकावर एक मावायचे. सूनबाईला त्या केबिनमध्ये बसलं की आपण कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको याखेरीज आणखीही काहीतरी आहोत असं वाटायचं. लॉन्ड्रीतली माणसं तिला ‘ड्रायव्हर मॅडम’ म्हणायची. आधी चेष्टेनं म्हणायची, मग सवयीनं.

आणि मग थोरली धूर सोडायला लागली.

साधासुधा नाही, चांगला निळा धूर. सकाळी गाडी सुरू झाली की शेजारच्या बाई दोरीवरचे कपडे आत घ्यायच्या. चढावर गाडीचा जीव जायचा, मागचे लोक हॉर्न वाजवायचे, आणि मागं आरशात बघावं तर हॉर्न वाजवणारेच दिसायचे नाहीत. ताडपत्री घट्ट बांधली तरी धूर काही तिला विचारून आत शिरत नव्हता. एके दिवशी लॉन्ड्रीवाल्या बाईंनी परत आलेल्या गठ्ठ्यातली एक चादर उलगडली आणि नाकाशी धरली.

“इस्पितळानं परत पाठवली,” त्या म्हणाल्या. “धुतलेल्या चादरीला गॅरेजचा वास येतोय म्हणाले.”

सूनबाईनं मान खाली घातली.

“हे बघ, तुझ्याशी माझं काही वाकडं नाही. तू कधी उशीर केला नाहीस, एक अभ्रा हरवला नाहीस. पण महिना संपेपर्यंत धूर थांबला नाही, तर मला दुसरी गाडी बघावी लागेल.”

त्यांचंही चूक नव्हतं, हेच तर दुखणं होतं. चूक असती तर भांडता तरी आलं असतं.

आबांनी त्यांच्या जुन्या मिस्त्रीला घरी बोलावलं. हा मिस्त्री कानाचा पक्का म्हणून नावाजलेला. बॉनेट उघडायच्या आधी डोळे मिटून इंजिन ऐकायचा. त्यानं डोळे मिटले. आबांनीही मिटले. दोघं म्हातारे धुरात डोळे मिटून उभे, आणि बाकीचे तिघं त्यांच्याकडे बघत.

“तेल खाते का?” मिस्त्रीनं विचारलं.

“खाते,” चौघांनी एका सुरात सांगितलं.

“घालता ना वेळेवर?”

“घालतो की,” पुन्हा चौघं.

“पट्टीला किती दिसतं?”

तेल मोजायची पट्टी केव्हाच हरवली होती. तिच्या नळीत आबांनी लाकडाची एक खुंटी ठोकली होती, आणि त्यावर त्यांचं तत्त्वज्ञान उभं होतं. “पट्टीला काय कळतंय?” ते म्हणाले. “धूर दिसला की समजायचं, तिला तहान लागली. मी या सगळ्यांना हेच शिकवलंय.”

मिस्त्रीनं मान डोलावली. कानवाल्या माणसाला पट्टीचं कौतुक नसतंच. “पिस्टनच्या रिंगा गेल्यात, म्हणून तेल जळतंय,” त्यानं निकाल दिला. “दोनच वाटा आहेत. एक, इंजिन उतरवायचं, खोलायचं, जे जे झिजलंय ते बदलून पुन्हा बांधायचं. खोलल्यावर आत काय निघेल ते आज सांगता येणार नाही. दुसरी, आहे तशी विकायची. पण सांगून ठेवतो, घेणारा तिच्या वयाचा मान ठेवणार नाही. वजनावर घेईल.”

त्या संध्याकाळी घरातले सगळे टेबलाभोवती बसले. चहा झाला, आणि चहा झाल्यावरही कप कुणी उचलेना. आबा म्हणाले, “बोला.”

मुलगा आधी बोलला. “विकू या. हिच्यावर खर्च करायचा आणि उद्या दुसरंच काही निघायचं. त्यापेक्षा एखादी छोटी, नवी बघू.” छोट्या गाडीत ते गठ्ठे मावणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. छोटी गाडी म्हणजे लॉन्ड्रीचं काम गेलं, हेही ठाऊक होतं. म्हणून तो हे बोलताना बायकोकडे न बघता साखरेच्या डब्याकडे बघत होता.

“तू?” आबांनी सासूबाईंना विचारलं.

“विका,” सासूबाई म्हणाल्या. एकच शब्द, आणि तोही जणू आधीपासून तोंडात धरून ठेवलेला.

सूनबाईला जे इतकी वर्षं वाटत आलं होतं ते आज उघड झालं, असं तिला वाटलं. ही बाई वाट बघत होती. थोरली गेली की सून आपोआप घरात येईल, पडदा ओढायची वेळ येणार नाही.

मुलगा म्हणाला, “म्हणजे ठरलं म्हणायचं.”

“ठरलं कसं?” आबा म्हणाले. “चालवतं कोण? तू चालवतोस? मी? ज्याच्या पायात चप्पल, त्याला विचारा कुठं टोचते ते.” ते सुनेकडे वळले. त्यांना ती नीट दिसत नव्हती, तरी नेमके वळले. “बोल गं. गाडी तुझी आहे. तू म्हणशील ते होईल.”

गाडी तुझी आहे, असं याआधी कुणी म्हटलं नव्हतं. सूनबाईनं बरंच काही बोलायचं ठरवलं होतं: हौद्याची खोली, नव्या गाडीचे हप्ते, लॉन्ड्रीवाल्या बाईंचा भरवसा. त्यातलं काही आठवलं नाही. “मला थोरलीच हवी,” एवढंच ती म्हणाली.

मग नवऱ्यानं साखरेच्या डब्याचा नाद सोडला. “मग खोलू या,” तो म्हणाला. “सुट्टीच्या दिवशी मी पण येतो. पाने-बिने द्यायला तरी होईन उपयोगी.” सासूबाई उठल्या आणि कप उचलायला लागल्या.

गॅरेज घरापासून हाकेच्या अंतरावर. तरी त्या दिवशी सूनबाईनं थोरली अगदी सावकाश नेली, आणि मागून धुरातून तिघंही चालत आले. आबा, कारण इंजिन खोलताना त्यांना हजर राहायचं होतं. नवरा, कारण त्यानं शब्द दिला होता. आणि सासूबाई, कारण आबांना गॅरेजमधल्या नटबोल्टांवरून नीट चालवत न्यायला कुणीतरी हवं होतं. निदान त्यांनी कारण तरी हेच सांगितलं.

इंजिन उतरवायच्या आधी तेल काढायचं. मिस्त्री गाडीखाली गेला, परात सरकवली, नट फिरवला. तेल आलं. काळं, जाड धार धरून आलं. मिस्त्री वाट बघत पडून राहिला. परात भरत आली तरी धार तेवढीच.

“बादली द्या,” तो खालून म्हणाला.

नवऱ्यानं बादली दिली. थोड्या वेळानं खालून आवाज आला, “अजून एखादं भांडं असेल तर बघा.”

मिस्त्री बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. तो एकदा बादलीकडे बघायचा आणि एकदा या चौघांकडे. “अहो, या इंजिनात जेवढं मावतं त्याच्या दुप्पट निघालंय. ही तेल खात नव्हती. ही तेलात बुडत होती. कोण घालत होतं?”

“मी,” सूनबाई म्हणाली. “आठवड्याला मगभर. लॉन्ड्रीतून निघायच्या आधी. सीटखाली डबा ठेवलाय.”

“तू घालत होतीस?” आबा म्हणाले. “अगं, मी घालतोय ना. तू उठायच्या आधी. चाचपत जातो, झाकण हाताला लागतं. म्हटलं पोरीला सगळं काम, निदान तेल तरी आपण घालावं.”

नवऱ्यानं खाकरून घसा साफ केला. “मी पण,” तो म्हणाला. “भट्टीवरून आलो की. मला त्यातलं दुसरं काही कळत नाही, आणि ती रोज एवढ्या चढावर जाते.”

आता मिस्त्री हसायला लागला होता. “म्हणजे धूर दिसला की प्रत्येकानं तेल घालायचं. तेल जास्त झालं की आणखी धूर. आणखी धूर झाला की पुन्हा तेल. अति तिथं माती म्हणतात ती हीच. वा रे बारभाई कारभार.” मग त्यानं स्वतःच्याच कानाची पाळी धरली. “आणि मी गाढव. चौघं एका सुरात ‘खाते’ म्हणाले, आणि मी मान डोलावली. खुंटी उपटून एक तार आत घालून बघितली असती तरी कळलं असतं.”

“तिघांनी घातलं म्हणून दुप्पट होतं होय?” आबा अजून हिशेबातच अडकले होते. “माझा डबा इतका भरभर संपायचा. सूनबाई, तू त्यातलंच घेत होतीस का?”

“माझा डबा वेगळा,” सूनबाई म्हणाली. “माझाही,” नवरा म्हणाला.

मग सगळ्यांनी एकाच वेळी सासूबाईंकडे बघितलं. त्या गॅरेजच्या नळापाशी उभ्या होत्या, हात धूत. हाताला काहीही लागलेलं नसताना धूत होत्या.

मिस्त्रीनं नवा फिल्टर बसवला, मोजून नवं तेल घातलं, आणि कान बाजूला ठेवून इंजिनचा दाब यंत्रानं तपासला. रिंगा ठीक होत्या. एक सील तेवढं गळत होतं, ते त्यानं बदललं. सूनबाईनं गाडी सुरू केली. आधी नळकांड्यात साठलेला धूर भकाभका बाहेर आला, मग विरळ होत गेला, मग नुसता इंजिनचा आवाज राहिला. आबांनी डोळे मिटून तो ऐकला आणि मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला.

“खोलायची गरज नाही,” मिस्त्री म्हणाला. “अजून पुष्कळ पळेल. फक्त तिचे लाड कमी करा.”

सूनबाई गाडीतून उतरून नळापाशी गेली. छातीत आनंद मावत नव्हता, पण त्यातच एक काटा होता, आणि तो काढल्याशिवाय तिला जाववेना.

“आई, तुम्ही पण घालत होता?”

“रोज,” सासूबाई म्हणाल्या. “दुपारी तू जेवायला घरी आलीस की. तू हात धुवायला गेलीस की मी बाहेर. तिचं तोंड उंच आहे, मला विटेवर चढावं लागतं.”

“रोज?” सूनबाईला हसावं की काय करावं कळेना. “मग विका का म्हणालात?”

सासूबाईंनी नळ बंद केला. तो नीट बंद झाला की नाही हे त्यांनी दोनदा बघितलं.

“रोज घालूनही धूर थांबेना. म्हटलं, ही आता कुठंतरी मधेच बंद पडणार. तू एकटी असतेस. रस्त्यात काही झालं तर कुणाला हाक मारशील?” त्यांनी नळ तिसऱ्यांदा बघितला. “तू फाटकातून बाहेर पडलीस की मला ते बघवत नाही. हे तुला शिकवायला लागले तेव्हापासून बघवत नाही. पडदा ओढते आणि तू परत येईपर्यंत कान दाराकडं लावून बसते.”

इतक्या वर्षांचा तो पडदा सूनबाईनं मनातल्या मनात किती वेळा फाडला होता, आणि त्याच्यामागं हे बसलेलं होतं.

“आई, मला वाटायचं तुम्हाला माझं गाडी चालवणं आवडत नाही.”

“नाहीच आवडत,” सासूबाई म्हणाल्या. “पण तुला आवडतं ना. मला गोड बोलता येत नाही गं. तेल घालता येतं, ते घातलं.”

तेव्हा मात्र सूनबाई रडली. आबांची ‘रडायचं नाही’ ही अट शिकण्यापुरती होती आणि शिकून तर झालं होतं. तिनं सासूबाईंचे ओले हात धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. थँक्यू म्हणावं असं तिला वाटलं, पण घरातल्या माणसाला ते म्हणायची सवय नव्हती, आणि एवढ्याशा शब्दात ते मावलंही नसतं.

“पुरे,” सासूबाई म्हणाल्या. “मिस्त्री बघतोय. लॉन्ड्रीतल्या चादरी उचलायच्या राहिल्यात ना तुझ्या?”

“राहिल्यात.”

“मग आधी मला घरी सोड आणि जा. आणि हे बघ, आज मी खिडकीत उभी राहणार आहे. फाटकातून नीट काढ.”