दुसरा हात

सारिकाने पाटीवरचं पोतं उचललं, आत पाहिलं आणि पुन्हा होतं तसं पांघरलं. वासरू मांजराच्या पिलाहून थोडं मोठं होतं. अंगावर केस आले नव्हते, पण चारही खूर नीट घडलेले दिसत होते. साडेतीन महिने, तिने मनात म्हटलं, आणि डॉक्टरांकडे बघायचं टाळलं.

“कधी पडलं, काकी?”

“पाहाटं गो. शेण भरायला आले तं ही थरथरत उभी, न् पायाशी ह्ये.” प्रयागबाईंनी पदर तोंडाशी धरला. “मला पयलं समजलंच नाय. वाटलं, घाण पडली काय तरी.”

बांडी गाय मान खाली घालून उभी होती. पुढ्यातल्या पेंढ्याला तिने तोंड लावलं नव्हतं. सारिकाने खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, आत काही राहिलं नाही याची खात्री केली, ताप पाहिला, गोळ्या ठेवल्या. हे सगळं एरवी डॉ. साबळे करत, आणि करताना गाईशी अखंड बोलत. कुठल्याही गोठ्यात शिरले की आधी गाईची चौकशी, मग माणसांची, अशी त्यांची ख्याती. आज ते गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले होते. सारिका पाटीपाशी गेली तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “किती दिवसांचं?” आणि तिने पोतं खाली सोडलं.

एरवी मदतनीस म्हणून सारिकाच त्यांना गाडीवरून नेत असे, पण मंगळवारी डॉक्टर या जांभूळवाडीत तिच्याशिवाय आले होते. त्या दिवशी सारिकाच्या मुलीच्या, सेजलच्या, महाडच्या शाळेत पालकसभा होती, म्हणून वाडीतलाच कुणीतरी मोटारसायकल घेऊन त्यांना पोलादपूरच्या दवाखान्यातून घेऊन आला. दिवाळीनंतर भरवलेली गाय गाभण राहिली का, ते प्रयागबाईंना तपासून हवं होतं. डॉक्टरांनी हात घालून पाहिलं, म्हणाले, खाली आहे, म्हणजे गाभण नाही, आणि माजावर यावी म्हणून इंजेक्शन दिलं. खाली गाईला ते इंजेक्शन माजावर आणतं. गाभण गाईचं पाडतं. आंबेनळी घाटाखालच्या सगळ्या वाड्यांमध्ये हे ज्या दोघांना सर्वांत चांगलं ठाऊक होतं, ती दोघं आत्ता या गोठ्यात होती.

“च्या टाकते,” प्रयागबाई म्हणाल्या. “डाक्टर, तुमाला बिनसाखरेचा.”

त्या घरात गेल्या. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर सारिकाला बरं वाटलं असतं. काय झालंय ते त्यांना कळलंय की नाही, तेच तिला समजेना. दुसऱ्या कुणाची गाय असती तर नुकसान म्हणून सोडून देता आलं असतं. पण या गाईवर प्रयागबाईंचं इथलं राहणं अवलंबून होतं, आणि ते वाडीतल्या पोराटोरांनाही माहीत होतं.

प्रयागबाईंचे यजमान रावजी उतेकर गेले तेव्हापासून मुलगा राजेश, मुंबईला चल म्हणून, आईच्या मागे लागला होता. त्याची खोली नालासोपाऱ्याला, नोकरी दूर, दर शनिवारी सकाळी न चुकता फोन. वाईट मुलगा म्हणावा तर एकही कारण सापडायचं नाही. वाडीतली निम्मी घरं कुलपात, वर डोंगर, खाली ओढा, आणि त्यात आई एकटी, म्हणून त्याची झोप उडायची. प्रयागबाई मात्र मुंबईचं नाव काढलं की उठून गोठ्यात जायच्या. गेल्या गणपतीत मायलेकांत वाजलं, आणि मग तोड निघाली. गाय दोन वर्षं भाकड होती. ती शिमग्यापर्यंत गाभण राहिली तर आईने खुशाल राहावं, दूध-वासरात तिचे दिवस जातील. नाही राहिली तर गाय कुणालातरी देऊन टाकायची आणि घराला कुलूप. शिमगा अकरा दिवसांवर आला होता.

“सारिका.”

“सर.”

“पावसाळ्यापासून माझ्या बोटांना कळत नाही.” डॉक्टरांनी डावा हात पुढे धरून उलटा-सुलटा केला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. “साखर. गरम पेला धरतो, आणि भाजलं ते फोड आल्यावर समजतं.”

सारिकाला ठाऊक होतं. त्या फोडांना तिनेच मलम लावलं होतं, तेही गाईंच्या सडांना लावायच्या डब्यातलं, आणि त्यावरून दोघं हसलीही होती.

“तेव्हाच थांबणार होतो. मग म्हटलं, नुसत्या भीतीपोटी नको. संक्रांतीला सगळे केसपेपर काढले. कुठली गाभण सांगितली, कुठली खाली, आणि पुढे काय झालं. घरोघरी फोन केले. दोन रविवार तेच केलं.” ते थांबले. “एकही चूक नव्हती. एकही नाही, सारिका. अगं, मला रडू आलं. वाटलं, बोटं गेली तरी हात ओळखतोय. अजून दोन वर्षं निघतील.”

सारिका मोजा काढता काढता थांबली.

“मग हीच कशी चुकली?” डॉक्टरांनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

केसपेपर सारिकाच्या हातचे होते. डॉक्टर हात आत घालून सांगत, ती लिहून घेई. बारा वर्षांची पद्धत. पहिली दोन वर्षं ती नुसती लिहायची. मग एके दिवशी त्यांनी तिला मोजा दिला, म्हणाले, डोळे मिट आणि बोटांनी बघ. बाईमाणूस गाईत हात घालतंय म्हणून गोठ्याबाहेर माणसं हसली तेव्हा त्यांनी बाहेर जाऊन एकेकाला असं झापलं की पुन्हा कुणाची टाप झाली नाही. तिचा हात त्यांनी घडवला होता. पण त्या हाताला पदवीचा कागद नव्हता. डॉक्टर थांबले की दवाखाना बंद, आणि तिने पुन्हा कुठेतरी नुसतं लिहायला बसायचं. आषाढात पहिल्यांदा त्यांनी चार महिन्यांच्या गाभण म्हशीला खाली म्हटलं, तेव्हा यातलं नेमकं काय तिच्या मनात आलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. ती एवढंच म्हणाली, “सर, जंत दिसतायत, शेणाचा नमुना घेते,” आणि त्या निमित्ताने हात घातला. कागदावर गाभण लिहिलं. इंजेक्शन पुढच्या फेरीला देऊ, असं म्हणून बाटली पेटीत ठेवली. दिवसाला सात-आठ जनावरं. आपण काय म्हणालो होतो ते डॉक्टरांच्या लक्षात राहत नसे, कागदावर होतं ते खरं. तेव्हापासून दर गोठ्यात तिला शेणाचा नमुना हवा असायचा.

त्यांची अब्रू राखतोय असं तिला वाटत होतं. ते कागद काढून स्वतःची परीक्षा घेतील, आणि तिच्या अक्षरावर पास होतील, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“सर, मी…”

“च्या घ्या,” प्रयागबाई बाहेर आल्या. त्यांनी पेला डॉक्टरांच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवला. “डाक्टर, तुमी जीवाला लावून घेऊ नका. चूक माजी हाय. सारिका न्हवती आली, तं मी बोलायला पायजे व्हतं, आज नको, मंग बगू.”

“सारिकाचं काय?”

“नाय, म्हंजे ती असती तं तुमच्या मागनं तिचा हात लागला असता ना.” प्रयागबाईंनी दुसरा पेला सारिकाकडे दिला. “शेण काढायच्या टायमाला बगते ती. समद्यांना ठाव हाय. आमच्याकडं बोलतात, डाक्टरांनी सांगितलं तरी सारिकानं लिवल्याबिगर धरायचं नाय.”

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की आपण काय बोललो ते त्यांना डॉक्टरांचा चेहरा पाहीपर्यंत कळलं नाही. मग त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

डॉक्टरांनी चहा संपवला. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. सारिकाला वाटलं, त्यांनी पेला भिरकवावा, आवाज चढवावा, काहीही करावं.

“किती वेळा?” त्यांनी विचारलं.

“अकरा.”

“आणि सगळ्या वाड्यांना माहीत होतं.”

“मी कुणाला बोलले नाही, सर. बघणाऱ्यांनी बघितलं असेल.” तिने हातातला पेला खाली ठेवला. “मी सांगणारच होते तुम्हाला.”

हे खोटं होतं. डॉक्टरांनी मान हलवली, आणि त्या मान हलवण्यात एवढा समजूतदारपणा होता की तिला रडू फुटलं.

“पहिल्याच वेळी सांगितलं असतंस,” ते हळू म्हणाले, “तर मी मंगळवारी इथं आलोच नसतो.”

गाईने एकदा पाटीच्या दिशेने मान लांबवून हुंकार दिला. मग पडवीच्या खिडकीत ठेवलेला फोन वाजला. घरात रेंज फक्त तिथे मिळायची, म्हणून तो कायम तिथेच.

प्रयागबाई धडपडत उठल्या. फोन हातात घेतला, पण उचलला नाही. तशाच डॉक्टरांपाशी आल्या.

“राजेशचा हाय. डाक्टर, तुमी सांगा त्याला. गाभण हाय म्हनावं. तुमचा शब्द मानतो तो.” त्या घाईघाईने बोलत होत्या. “शिमग्याला येल, दोन दिस ऱ्हाईल न् जाईल. त्याला पोटातलं काय कळतंय? पुढल्या माजाला परत भरवू तिला. म्हयने कोन मोजत बसलंय?”

डॉक्टरांनी फोन घेतला.

“राजेश, डॉक्टर साबळे बोलतोय. हो, वाडीतच आहे.” त्यांची नजर गाईवर होती. “गाय सारिकाने तपासलीय. तिच्याकडे देतो.”

आणि त्यांनी फोन तिच्यापुढे धरला.

आजवर त्यांनी कुणापुढेही असं म्हटलं नव्हतं. एरवी या वाक्याने ती हरखून गेली असती. आत्ता तिला तो फोन निखाऱ्यासारखा वाटला. तिने प्रयागबाईंकडे पाहिलं. त्या डोळ्यांत कसलीही शंका नव्हती. जिने अकरा गोठ्यांत एका शब्दाने सगळं सांभाळून घेतलं ती आपल्यालाही सांभाळून घेईल, एवढंच त्यांत होतं. डॉक्टर मात्र तिच्याकडे बघत नव्हते.

“हॅलो, सारिकाताई? काय मग, गाभण हाय ना? आई एवढी टेन्शनमध्ये असते फोनवर. मी पण इकडं देवाला बोलतोय, राहू दे एकदाची.”

“होती,” सारिका म्हणाली.

प्रयागबाईंचा फोनकडे आलेला हात हवेतच राहिला.

“साडेतीन महिन्यांची गाभण होती, दादा. आज पहाटे गाभडली. गाईत काही खोट नाही. काकींकडून पण काही चुकलं नाही. आमच्या हातनं गेलं.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी गॅस बारीक केला.

“परत भरवता येईल,” ती भरभर बोलू लागली. “दोन-अडीच महिन्यांत. मी स्वतः येईन, मी स्वतः बघेन…”

“ताई, दोन वर्षं हेच ऐकतोय मी.” राजेशच्या आवाजात राग नव्हता. “खरं सांगितलंत, बरं झालं. तिथं सगळे तिचीच बाजू घेतात, मला कोन काय धड सांगत नाय. शिमग्याची पालखी घरी येऊन जाऊ दे, मग मी घेऊन येतो तिला. तुम्ही नका बोलू तिला, मीच बोलतो. द्या तिच्याकडं.”

सारिकाने फोन पुढे केला. प्रयागबाईंनी तो घेतला नाही. त्या गोठ्यात गेल्या, कोपऱ्यातली कुदळ काढली, आणि वाकून पाटी उचलायला लागल्या. डॉक्टर उठले. त्यांनी कुदळ प्रयागबाईंच्या हातातून काढून घेतली आणि ती पडत नाही ना हे बघत, दोन्ही हातांनी आवळून धरली.

“आंब्याखाली न्या,” प्रयागबाई त्यांना म्हणाल्या. “हितं कुत्री उकरतील.”

पाटी कमरेवर घेऊन त्या सारिकाच्या अंगावरून पुढे गेल्या, आणि दोन पावलांवर थांबल्या. वळल्या नाहीत.

“खरं बोललीस त्ये काय वंगाळ नाय केलंस गो,” त्या म्हणाल्या. “पन सुरुवात माज्यापासनंच करायची व्हती?”

त्या डॉक्टरांच्या मागून खाचराच्या बांधाने खाली उतरल्या. सारिकाच्या हातातल्या फोनवर राजेश अजून आईला हाका मारत होता.