पाठीचं कापड

मेलेल्या माणसाचे कपडे मागून उघडे शिवतात. पुढून कॉलर, बटणं, बाह्या सगळं नीटनेटकं. पाठीला नुसत्या दोन नाड्या. आखडलेल्या अंगावर चढवायला सोपं जातं आणि कापडही वाचतं. लोक आम्हाला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात. म्हणोत बापडे. शवपेट्यांच्या दुकानासाठी सासूबाई जन्मभर हेच शिवत आल्या आणि मलाही त्यांनीच शिकवलं.

आता त्या स्वतःच अंथरुणाला खिळल्या होत्या. पोटात गाठ, डॉक्टरांनी हात टेकलेले. मशीन मी त्यांच्याच खोलीत आणून ठेवलं होतं. एक डोळा सुईवर, एक त्यांच्यावर. जीव नुसता शिणून गेला होता. फादर येऊन प्रार्थना करून जायचे, सासूबाईंचा चेहरा तेवढा वेळ शांत व्हायचा, आणि मला मात्र चादर बदलायची घाई असायची. माझे हे गेले तेव्हापासून देवाशी माझं बोलणंच बंद होतं.

एका दुपारी त्यांनी स्वतःचा झगा बघायला मागितला. मी शिवून ठेवलाच होता. त्यांनी तो उलटा केला आणि मागच्या फटीत हात घातला.

"याला पाठ लाव."

"आई, मागचं कोणाला दिसतंय?"

"शेवटच्या दिवशी कबरीतून उठल्यावर दिसेल ना. प्रभू हाक मारील तेव्हा अशी जाऊ का त्याच्यासमोर?"

"साऱ्या गावाला उघड्या पाठीनं पाठवलंत," मी म्हटलं, "आणि स्वतःची वेळ आल्यावर बरी लाज आठवली."

बोलून गेले आणि जीभ चावली. सासूबाईंनी झगा बाजूला ठेवला.

"म्हणून तर डोळ्याला डोळा लागत नाही. त्याचा कोटही मी तसाच शिवला गं. पोटच्या पोराचा. हाताला सवय. पेटी बंद झाली आणि मग लक्षात आलं." त्यांना धाप लागली. "तो उठणार, त्यात मला शंका नाही. पण उघडा उठेल. त्याच्या कोटाची पाठ माझ्याबरोबर दे. मी नेते. फक्त माझे डोळे मिटायच्या आत दाखव."

मला रडू आलं आणि रागही आला. एवढी वर्षं एका घरात राहून ही बाई हे एकटीच पोटात घेऊन झुरत होती. 'तुम्ही आधी बऱ्या व्हा' असं खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी उठले आणि काळं कापड काढलं.

शेवटी शेवटी आजारानं हे काडीसारखे झाले होते. पेटीतल्या त्या कोटाचं माप मी विसरले नव्हते. खडूनं आखलं, कात्री टेकवली, आणि हात पुढे जाईना. खडूच्या रेघा झटकून टाकल्या. मग लग्नातल्या कोटाचं माप धरलं, त्यांचे खांदे भरलेले होते तेव्हाचं, आणि कापलं.

सासूबाईंनी ते चाचपून पाहिलं. नजर अंधुक झाली होती तरी बोटांना माप कळत होतं.

"मोठं होईल गं त्याला."

"नाही होणार, आई," मी म्हटलं. "तोवर बरे झालेले असतील ते."