चकाचक नळी

तपासणीच्या टेबलावर पाच नग होते: दम्याच्या औषधाचा निळा पंप, नाका-तोंडावर बसेल असा इवलासा मास्क, त्या दोघांना जोडणारी प्लास्टिकची पारदर्शक नळी, कापसाचा बोळा आणि अकरा महिन्यांची चिमणी. पाचवा नग शिट्टीसारखा वाजत होता. श्वास मिनिटाला चौसष्ट, ऑक्सिजन त्र्याण्णव.

तरुण डॉक्टरीणबाई चक्रावल्या. चार फवारे झाले होते. पंप हलवून घेतला होता, मास्क घट्ट धरला होता, दर फवाऱ्यानंतर चिमणीला सावकाश श्वास घेऊ दिले होते. मागच्या दोन्ही खेपांना एवढ्यात पोरीला उतार पडला होता. आज ढिम्म फरक नाही. दवाखान्याचं वाफेचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, आणि मोठं रुग्णालय गाडीने तासाभरावर.

"गाडी बोलावून ठेवा," त्यांनी नर्सला सांगितलं.

चिमणीच्या बाबाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. "नळी तर आज मी स्वतः साफ केली हो! काचेसारखी चकाचक."

"यांना काय, दिसेल ते पुसायची खोड," आजी करवादली. "जावईबापू, एक दिवस माझं नाकसुद्धा पुसून ठेवाल."

"आई, आत्ता नको ना!" बाबा म्हणाला.

बाईंनी पाचव्या फवाऱ्यासाठी नळी उचलली आणि बोळ्यातून निसटलेला कापसाचा एक तंतू टुणकन उडून नळीला चिकटला. त्यांनी झटकला. पुन्हा चिकटला!

"कशाने पुसलीत?"

"चष्म्याच्या फडक्याने. कोरडीच. आतूनबाहेरून, चांगली घासून."

"घासून!" बाई जवळजवळ ओरडल्याच. शाळेत केसांवर घासलेली फणी कागदाचे कपटे उचलायची, तोच हा खेळ! "अहो, घासल्याने प्लास्टिकमध्ये वीज साठली. औषधाचे कण सगळे भिंतीला चिकटताहेत. चिमणीपर्यंत पोचतच नाहीयेत!"

 करायला गेलो एक, असं काहीसं बाबा पुटपुटला.

"आता साबणाच्या पाण्यातून काढून वाळवायला वेळ नाही," म्हणत बाईंनी मास्क काढला, पंप नळीला लावला आणि रिकाम्या नळीत फवारे मारायला सुरुवात केली. फस्स, फस्स, एकामागून एक दहा.

"अगं बाई, औषध वाया घालवताय?" आजीने कपाळाला हात लावला.

"भिंतीला चारतेय, आजी! तिचं पोट भरलं की पुढचं सगळं नातीला."

"मग वाढा पटापट!"

मास्क पुन्हा बसला. चिमणीने भोकाड पसरलं, तशी आजीने जिभेने टक्‌टक्‌ आवाज काढत तिला भुलवलं. ती गप्प होताच फवारा. मास्कची झडप फडफडली, सहा श्वास. पुन्हा पंप हलवला, पुन्हा फवारा. चार झाल्यावर बाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावला. बाबा त्यांच्या भुवयांकडे टक लावून बघत होता.

"काय हो?"

"थांबा, बोलू नका... हवा आत जातेय! खालपर्यंत जातेय!"

नर्स दारात आली. "गाडी निघालीय. येऊ दे का?"

"पंधरा मिनिटांनी मोजून सांगते."

पंधरा मिनिटांनी चिमणीने स्टेथोस्कोपची नळी तोंडात घातली. ती सोडवून घेत बाईंनी घड्याळ समोर धरून मोजलं.

श्वास मिनिटाला बेचाळीस. ऑक्सिजन सत्त्याण्णव.