मेदुवड्याने बंद पडलेला लॅपटॉप

यंत्रानंदस्वामींनी उजवा हात लॅपटॉपवर टेकवला आणि लॅपटॉप मेला. पडदा काळा, पंख्याचा आवाज बंद. गच्च भरलेल्या सभागृहाने माना उंचावल्या. स्वामींनी डोळे मिटून डाव्या हाताने लिंबू ओवाळलं, उजवा हात सावकाश उचलला, आणि पडदा पुन्हा उजळला. त्यावर पासवर्डची रिकामी चौकट होती.

"गेला होता," स्वामी म्हणाले. "अर्ध्या वाटेवरून परत आणला. आता पुनर्जन्म झालाय, मागचं काही आठवत नाही, म्हणून तुम्हाला ओळख विचारतोय. सांगा त्याला."

मंदारने पासवर्ड टाइप करायला हात पुढे केला.

"मोठ्याने," स्वामी म्हणाले. "मंत्र गुरूच्या कानावर पडल्याशिवाय सिद्ध होत नाही."

मंदार आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष आणि एका मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. पासवर्ड कुणालाही सांगू नये, या विषयावर त्याने मागच्याच आठवड्यात ऑफिसात वर्ग घेतला होता. त्याने मुलीचं नाव, तिचं जन्मसाल आणि शेवटचं चिन्ह खणखणीत आवाजात सांगितलं. वर म्हणाला, "पहिलं अक्षर कॅपिटल आहे, स्वामी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी खंडेनवमी होती. चेन्नईत तीच आयुधपूजा. रस्त्यावरच्या रिक्षांना केळीचे खुंट बांधलेले होते, चौकाचौकांत कुंकू भरलेले कोहळे फुटले होते. ज्याचं जे हत्यार, त्याला गंध लावायचं आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही. वेलचेरीतल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांचं हत्यार एकच. त्यामुळे देवीपुढे लॅपटॉपांची रांग लागली होती आणि प्रत्येकाच्या कपाळावर, म्हणजे झाकणावर, चंदनाचा टिळा होता. यंदा मंडळाने अण्णा नगरच्या 'यंत्रशांती केंद्रा'तून स्वामींना खास बोलावलं होतं. पूजेच्या दिवशी यंत्र उघडायची मुभा फक्त स्वामींना. म्हणजे एरवी दिवसभर कीबोर्ड बडवणारी ही माणसं नेमकी त्याच दिवशी हाताची घडी घालून बघत बसणार होती.

स्वामी दिसायला प्रसन्न होते. भगवा कुर्ता, मनगटावर स्मार्ट घड्याळ, उजव्या हाताच्या मधल्या बोटात सुपारीएवढी नवरत्नांची अंगठी. त्यांची वाणी अखंड चालू होती.

"पंखा दक्षिणेला तोंड करून ठेवलात. यमाची दिशा. मग यम गरम हवाच फेकणार. अपडेट अमावास्येला घेतलंत? घेतलंत ना? मग अर्ध्यात अडकणारच. आणि ही बाई. डेस्कटॉपवर दोनशे फायली उघड्या टाकल्यात. पितरांना बसायला जागा ठेवली नाही."

माझ्या शेजारी यश बसला होता. नवा लॅपटॉप घ्यायचा म्हणून त्याने चार महिने तक्ते करून मॉडेलांची तुलना चालवली होती. त्याने हात वर केला.

"स्वामी, वृश्चिक राशीला किती जीबी?"

"सोळा. पण शनिवारी खोक्यातून काढू नका. अग्निराशीला पंखा मोठा, जलराशीला कीबोर्ड पाणी सोसणारा. दुकानाचा पत्ता केंद्रात मिळेल. इतर कुठे घेतलात तर माझी जबाबदारी नाही."

यशने लिहून घेतलं.

"यश, तू इंजिनीअर आहेस," मी हळूच म्हणाले.

"सॉफ्टवेअर," तो म्हणाला. "हे हार्डवेअर आहे, सावनी. आपला विषय नाही."

इथेच सगळी मेख होती. हॉलमधल्या प्रत्येकाला कॉम्प्युटरमधलं काही ना काही कळत होतं. पडदा का गेला, हे मात्र प्रत्येकाच्या मते दुसऱ्या विभागाचं काम होतं. आणि दुसरा विभाग कुणी सांभाळत नसला की तो स्वामी सांभाळतात.

मलाही गंमत वाटत होती, तोवर गिरीधरमामांचा नंबर आला.

गिरीधरमामा तळमजल्यावर राहतात. रेल्वेतून निवृत्त, मूळचे तंजावरचे, आमच्यासारखे नोकरीसाठी आलेले मराठी नव्हेत. त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या तिकडे जपलेली जुनी मराठी आता घरात फक्त त्यांनाच येते. मुलगा परदेशी, नातवंडं इंग्रजी आणि तमिळ बोलतात. ती मराठी त्यांच्याशी बोलणारं शेवटचं माणूस म्हणजे थोरली बहीण, कमलिनीअक्का. दोन वर्षांपूर्वी ती गेली. जाण्याआधी मामांनी तिचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं: गोष्टी, ओव्या, पाककृती, शेजाऱ्यांच्या चहाड्या. ते सगळं या एकाच लॅपटॉपमध्ये होतं. दुसरीकडे कुठेही नव्हतं.

"रोंब हळू झालाय, सामी," मामा म्हणाले. तिकडे 'खूप'ला 'रोंब' म्हणतात. "अक्काची फाइल उघडली तर कॉफी पिऊन होते, तरी अक्का बोलत नाही."

स्वामींनी लॅपटॉप उलटून तळाचं मॉडेल वाचलं. मुलाने पाठवलेला, नवा, महागडा. त्यांनी तो सरळ केला, चालू केला, अंगठीचा हात कीबोर्डच्या खाली डाव्या बाजूला टेकवला. पडदा गेला. लिंबू फिरलं. हात मात्र उचलला गेला नाही.

"हा परत यायला तयार नाही," स्वामी म्हणाले. "यात मृत व्यक्तीचा आवाज आहे?"

मामा चपापले. "बहिणीचा."

"तीच अडकलीय आत. तिला मोकळं करावं लागेल. उद्या विजयादशमी. इथे जवळच, कोवलमला समुद्रात विसर्जन." असं म्हणत त्यांनी हात बाहेर सरकवता सरकवताच झाकण मिटलं आणि लॅपटॉप लाल फडक्यात बांधला. अशी दोन गाठोडी आधीच बाजूला ठेवलेली होती. तिन्ही लॅपटॉप नवे होते. या पिशाच्चाला जुनं मॉडेल चालत नसावं.

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते नाही म्हणाले नाहीत.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "मामा, देऊ नका. आधी मला बघू द्या."

"अस्क्यांना विचारलो मी, सावनी," ते म्हणाले. त्यांच्या मराठीत अस्के म्हणजे सगळे. "मंदारला, यशला, वरच्या मजल्यावरच्या अस्क्यांना. अस्के जिन्यातूनच 'मामा, रिस्टार्ट करा' म्हणाले. हा सामी एकटा समोर बसला, विचारला, ऐकला. आणि अक्का खरंच आत अडकली असेल तर? तिला कोंडून मी तिचा आवाज ऐकत बसू?"

आरतीची तयारी सुरू झाली होती. मी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर माझ्या घरी गेले.

मी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सेन्सर तपासते. चाक किती वेगाने फिरतंय, हे ब्रेकला कळावं म्हणून चाकाजवळ एक सेन्सर असतो. चुंबक जवळ आलं की त्याला कळतं. स्पर्श लागत नाही, बटण लागत नाही. स्वामींचं काय खटकत होतं, ते मला जिन्यातच नीट सुचलं. प्रत्येक वेळी अंगठीचाच हात. बहुतेक वेळा कीबोर्डच्या खालचा तोच कोपरा. नाही जमलं तर हात "शक्ती शोधत" दुसऱ्या कोपऱ्यात. आणि परत आलेला लॅपटॉप पासवर्ड मागतो, जसा झाकण मिटून उघडल्यावर मागतो. म्हणजे लॅपटॉप मरत नव्हता. आपलं झाकण मिटलंय, असं त्याला वाटत होतं.

मग झाकण मिटलंय, हे त्याला एरवी कळतं कसं?

इतर बायकांच्या पर्समध्ये सेफ्टीपिना असतात तशी माझ्या ऑफिसच्या बॅगेत बटणाएवढी चुंबकं असतात. एक काढलं आणि माझ्या लॅपटॉपच्या कडेने हळूहळू सरकवत नेलं. उजवीकडे काही नाही. मध्ये काही नाही. डाव्या कोपऱ्यात पडदा काळा. चुंबक उचललं, पडदा आला, पासवर्डची चौकट आली. चुंबक दोन बोटं वर धरलं तर परिणाम शून्य. पुन्हा टेकवलं, पुन्हा काळा. एखादी गोष्ट हवी तेव्हा पुन्हा घडवता आली की मला तिची भीती वाटत नाही.

खाली आले तेव्हा आरती संपून प्रसादाची पानं मांडली जात होती. सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्यांची उसळ, आणि मेदुवडे. इथे सरळ भाषण केलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. मी एक वडा उचलला, त्याच्या भोकात चुंबक घट्ट बसवलं आणि मंदारच्या उघड्या लॅपटॉपपाशी गेले.

"मंदारदादा, एक मिनिट."

वडा कीबोर्डखाली डाव्या कोपऱ्यात ठेवला. लॅपटॉप बंद पडला.

वाढणाऱ्यांचे हात थांबले. मी वडा उचलला. लॅपटॉप जिवंत झाला. ठेवला, मेला. उचलला, उठला.

पुढच्या रांगेतल्या मीनाक्षीकाकूंनी पदर सावरून वड्याला नमस्कार केला. मग त्यांच्या मागच्या रांगेने केला.

"वडा कुणी केलाय?" मंदारने दबक्या आवाजात विचारलं.

"केटररने."

"त्याचा नंबर आहे का?"

यश दुसरा वडा घेऊन स्वतःच्या लॅपटॉपवर घासत होता. "माझा चालत नाही," तो रडवेला होऊन म्हणाला. "वडा थंड झालाय का?"

"राशीचा फरक," कुणीतरी समजूत घातली.

स्वामींनी परिस्थिती ओळखली. हा माणूस हुशार होता, हे मान्य करायला हवं. ते उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "पाहिलंत? माझ्या सान्निध्यात उडदाचं पीठसुद्धा सिद्ध झालं."

पुन्हा टाळ्या.

मी वडा मोडला. चुंबक टेबलावर टाकलं. ते टेबलाच्या लोखंडी कडेला टचकन चिकटलं.

"स्वामी, आता तुम्ही अंगठी काढून हात ठेवा," मी म्हणाले.

"अंगठी दीक्षेची आहे. ती काढली तर देह पडेल."

"मग काढू नका. काकू, तुमची पदराची पिन द्या."

मीनाक्षीकाकूंनी पिन काढून दिली. मी ती अंगठीपासून इंचभर अंतरावर नेली आणि सोडली. पिन खाली पडली नाही. टुणकन उडी मारून नवरत्नांना जाऊन चिकटली.

हॉलमधल्या सगळ्या माना अंगठीकडे वळल्या. मीनाक्षीकाकू म्हणाल्या, "माझी पिन परत द्या."

मग मी सांगितलं, सगळ्यांना दिसेल असं लॅपटॉप हातात धरून. झाकणात एक छोटं चुंबक असतं. ते मिटल्यावर जिथे टेकतं, तिथे खाली चुंबक ओळखणारा सेन्सर असतो. चुंबक जवळ आलं की यंत्र समजतं, झाकण मिटलं, आणि झोपी जातं. चुंबक दूर गेलं की जागं होतं. दारातल्या वॉचमनने टोपी बघून साहेब ओळखावा, तसं. टोपी कुणीही घालू शकतो.

"तो देवीचाच संकेत..." स्वामींनी सुरुवात केली.

"मग अंगठीविना दाखवा," मागून यश म्हणाला. चार महिन्यांत पहिल्यांदाच तो उपयोगाचं काही बोलला होता. "आणि ती गाठोडी इथेच सोडा."

गिरीधरमामा तोवर उठून आपल्या लाल गाठोड्यापाशी गेले होते. त्यांनी ते छातीशी धरलं. स्वामी त्यांच्याकडे वळले. "बहिणीचा आत्मा तळमळेल, मामा. विचार करा."

मामांनी विचार केला. मग त्यांनी माझ्याकडे हात पसरला. "तें दे."

मी चुंबक दिलं. त्यांनी गाठ सोडली, लॅपटॉप उघडला आणि स्वतःच्या हाताने चुंबक कडेने सरकवायला लागले, रेल्वेत रूळ तपासावा तसं, जराही घाई न करता. डाव्या कोपऱ्यात पडदा गेला. चुंबक उचललं. पडदा आला. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं.

"सरी, बरोबर," ते म्हणाले. "अक्का अडकली नाही. तुम्हीच मला अडकवत होता."

स्वामी जाताना आपलं लिंबू तेवढं घेऊन गेले. मंदार मान खाली घालून पासवर्ड बदलत बसला. मोठ्याने नव्हे.

राहिलं मामांच्या लॅपटॉपचं दुखणं. दसऱ्याला सकाळी मी, यश आणि मामा त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसलो. कारण अर्ध्या तासात सापडलं. वेळोवेळी भेटलेल्या चार जाणकारांनी मामांना चार वेगवेगळे अँटीव्हायरस घालून दिले होते. एकही काढला नव्हता. घराला चार पहारेकरी, आणि चौघेही रात्रंदिवस एकमेकांनाच चोर समजून झडती घेत होते. उरलेली जागा सुप्रभाताच्या व्हिडिओंनी भरली होती. तीन पहारेकरी काढले, व्हिडिओ पुसले, अक्काच्या सगळ्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या आणि तिसरी प्रत मुलाला पाठवली.

मग मामांनी एक फाइल उघडली. ती लगेच उघडली. अक्का डांगर पच्चडी, म्हणजे उडदाच्या पिठाचं दह्यातलं डांगर, कशी करायची ते सांगत होती, आणि मधेच थांबून, उडदाचं पीठ जाळलं म्हणून भावाला झापत होती. मामा डोळे पुसत हसत होते.

"कळलं," ते म्हणाले. "पण सावनी, तूं सांगतेस तें तरी मी का मानायचं?"

"मानू नका," मी म्हणाले. "चुंबक तुमच्याकडेच ठेवा."

हेच मला तुम्हालाही सांगायचं आहे. कुणी हात फिरवून यंत्र मारलं, तारलं, की टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा: अंगठी काढून होतं का? दुसऱ्या हाताने होतं का? मी केलं तर होतं का? उत्तर देणारा रागावला, तर तेही एक उत्तरच आहे. आणि तुमच्या तळमजल्यावरचं एखादं म्हातारं माणूस संथ लॅपटॉप घेऊन जिन्यात भेटलं, तर 'रिस्टार्ट करा' म्हणून पुढे जाऊ नका. खुर्ची ओढून बसा. तुम्ही बसला नाहीत, तर त्या खुर्चीवर कोण येऊन बसतं, ते आम्ही पाहिलं आहे.