फॉक्सटनची तुळई

डॉक्टर मधुमती साठ्यांनी लेस्टरच्या हॉस्पिटलात तीस वर्षं म्हाताऱ्या पेशंटांच्या बाथरूममध्ये आधाराचे दांडे बसवायच्या शिफारशी लिहिल्या. स्वतःचा खुबा मोडल्यावर मात्र, "माझ्या घराचा वॉर्ड करायचा नाही," असं ठणकावून सांगितलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मग बाई बाथरूममध्ये दोनदा घसरल्या, तेव्हा मुलगा प्रणव हट्टाला पेटला. घर विकायचं आणि आईनं मेडनहेडला त्याच्याकडे राहायचं. सोमवारी एजंट घर बघायला येणार होता. बाई तोंडानं "बरं" म्हणाल्या होत्या, पण जीव त्या घरातच अडकला होता.

"जायच्या आधी फॉक्सटनची लॉक्स दाखव," एवढंच त्यांनी मागितलं. तिथे कालव्यातल्या बोटी दोनशेहून जास्त वर्षं टेकडी चढतायत, एकेका हौदात पाणी भरत, एकेक दरवाजा उघडत. दुसऱ्याच दरवाजापाशी बाईंचा पाय भरून आला आणि दरवाजा ढकलायला लावलेल्या लांबलचक लाकडी तुळईवर त्या बसल्या.

"बघ आई. म्हणून मी सांगतो, माझी घर सेफ आहे," प्रणव म्हणाला. मराठी लेस्टरमध्ये वाढलेलं, पण सूचना देण्याची हौस थेट आजोळच्या पुण्याची.

तेवढ्यात बोट आली. लॉक सांभाळणारी पिकल्या केसांची बाई हसत म्हणाली, "तुम्ही दरवाजावरच बसलायत. आता उठताच आहात, तर ढकला की."

"तिला नाही जमणार," प्रणव घाईनं म्हणाला.

हे मधुमतीबाईंना झोंबलं. काठी त्याच्या हातात देऊन त्यांनी तुळईला पाठ लावली. तुळई ढिम्म. प्रणवनं खांदा दिला, लालबुंद झाला, तरी ढिम्मच.

"दोन्हीकडचं पाणी सारखं होऊ द्या," लॉकवाली म्हणाली. "तोवर दहा माणसं लावलीत तरी हलायचं नाही."

पाणी चढलं. बाईंनी पुन्हा पाठ टेकली आणि एवढं धूड मुकाट्यानं सरकू लागलं. जमिनीत बसवलेल्या विटांच्या उंचवट्यांवर टाच रोवत त्या मागे मागे गेल्या, एक, दोन, सात पावलं. प्रणव हात पसरून शेजारी चालत होता. त्यानं त्यांना धरलं नाही.

बोट आत गेली. बाईंनी तुळईवरचा हात काढला नाही. एवढ्या भक्कम दरवाजाला दांडा लागतो, मग आपल्यालाच कसली लाज वाटत होती? त्यांना स्वतःचाच राग आला, हसूही आलं.

"प्रणव, मी मूर्खपणा केला. कौन्सिलला फोन कर. बाथरूममध्ये दांडा, जिन्याला दांडा, सगळे लावून घेऊ."

"दोनदा पडलीस तू, आई."

"तिसऱ्यांदा पडले तर बॅग मी स्वतः भरीन."

प्रणवनं खिशातून मोबाइल काढला.

"एजंटला काय सांगू? आईनं माइंड चेंज केला?"

"माइंड तेच आहे," बाई म्हणाल्या. "दांडे तेवढे नवीन."